फोटोग्राफी मासिकांनी शिफारस केलेला कॅमेरा डोळे झाकून घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे सात-आठ वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (चित्र टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, लहान असलेला) कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स आहे. मुलीचे बॅडमिंटनचे सामने आणि घरातले प्रसंग, एवढाच मुख्य वापर. हॉलमधले फोटो दाणेदार आणि हललेले येतात म्हणून नवा कॅमेरा घ्यायचं मनात आहे. तीन मासिकांनी एकाच फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याची शिफारस केली आहे आणि तिन्हींमध्ये त्याच कंपनीच्या पानभर जाहिराती आहेत. मग त्या शिफारशीवर भरवसा ठेवायचा का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मासिकाने स्वतः मोजून दिलेल्या आकड्यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. त्यांनी नाव घेऊन सांगितलेल्या दोषांवर त्याहून जास्त ठेवा. 'अवश्य घ्या' या शिक्क्यावर मात्र पैसे लावू नका. बाजारात आलेला हा नवा कॅमेरा त्याच्यासारख्या इतर नव्या कॅमेऱ्यांच्या मानाने कसा आहे, एवढंच तो शिक्का सांगतो. तुमच्या मुलीचे फोटो का बिघडतात, हे त्या परीक्षकाला कुणी विचारलेलंच नसतं.

फोटोग्राफी हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि मधली काही वर्षं मी कॅमेऱ्यांची परीक्षणंही लिहिली आहेत. त्यामुळे ही परीक्षणं कशी तयार होतात ते जवळून पाहिलं आहे.

जाहिरातींची शंका सगळ्यांनाच येते, आणि ती रास्त आहे. पण कंपनीच्या माणसाने संपादकाला फोन करून 'तारे वाढवा' म्हटलं, असं मी कधी पाहिलं नाही. दबाव येतो तो वेगळ्या वाटेने. परीक्षणासाठीचा कॅमेरा बहुतेक वेळा कंपनीच उसना देते, तोही बाजारात यायच्या आधी. ठरलेल्या तारखेपर्यंत काही छापायचं नाही, या अटीवर. त्या तारखेला सगळ्यांचे लेख एकाच दिवशी बाहेर पडतात. ज्याच्याकडे कॅमेरा आधी आला त्याचा लेख वाचला जातो; ज्याला दुकानातून विकत घेऊन लिहावं लागतं तो महिनाभराने पोहोचतो आणि तोवर वाचक पुढे गेलेले असतात. त्यामुळे पुढच्या वेळी आपल्याला कॅमेरा मिळेल ना, ही काळजी लिहिणाऱ्याच्या मनात असतेच. त्यापायी तो खोटं लिहीत नाही, पण धार कमी करतो. 'ऑटोफोकस मंद आहे' ऐवजी 'ऑटोफोकसमध्ये सुधारणेला वाव आहे' असं लिहिलं जातं. अनुभवी वाचकाने अशी मऊ वाक्यं दुप्पट कडक करून वाचावीत.

पैशाची बाजूही समजून घ्या. कॅमेरा उत्पादकांची जपानी संघटना 'सिपा' हिच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. धंदा इतका आटल्यावर जाहिराती आटल्या आणि मासिकंही बंद पडत गेली. १९३७ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या 'पॉप्युलर फोटोग्राफी'चा छापील अंक २०१७ मध्ये थांबला. जपानचं 'असाही कॅमेरा' १९२६ चं. ते २०२० मध्ये बंद झालं. छापील मासिकांपेक्षाही ज्याच्या चाचण्यांचा दबदबा होता ते 'डीपीरिव्ह्यू' हे संकेतस्थळ २००७ पासून अॅमेझॉनच्या मालकीचं होतं. २०२३ च्या मार्चमध्ये अॅमेझॉनने ते बंद करायचं जाहीर केलं आणि जूनमध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं म्हणून ते वाचलं. जे टिकले आहेत त्यांच्यातल्या अनेकांना आज वाचकाने लेखातल्या दुव्यावरून खरेदी केली की दलाली मिळते. ही दलाली कुठल्याही कंपनीचा कॅमेरा घेतला तरी मिळते, म्हणजे एका कंपनीकडे झुकायचं कारण उरत नाही. पण काहीच घेतलं नाही तर दलाली नाही. 'तुमचा जुना कॅमेरा पुरेसा आहे' असं ठणकावून सांगणारा लेख विरळा का असतो, ते यातून कळेल. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा कल हाच आहे, आणि तो जाहिरातींपेक्षा जास्त नुकसान करतो.

पुरस्कारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फोटोग्राफी मासिकांच्या संपादकांची 'टिपा' ही संघटना १९९१ पासून आहे. तिचे पुरस्कार दर वर्षी डझनावारी वर्गांत दिले जातात. मोजक्याच कंपन्या आणि एवढे वर्ग म्हटल्यावर जवळपास प्रत्येकीच्या खोक्यावर एखादं चिन्ह येतंच. ते चिन्ह पाहून कॅमेरा वाईट नसावा एवढं समजावं.

आता आकड्यांकडे वळू. बॅटरीचंच घ्या. परीक्षणातल्या कोष्टकात 'एका चार्जमध्ये ४०० फोटो' असं छापलेलं असतं. तो आकडा बहुधा 'सिपा'च्या ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो: दर ३० सेकंदांना एक फोटो, कॅमेऱ्यात फ्लॅश असेल तर निम्मे फोटो फ्लॅशसह, आणि ठरावीक फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करायचा. बॅडमिंटनच्या सामन्यात कुणी असे फोटो काढत नाही. एका स्मॅशला सलग दहा फोटो घेणाऱ्याला त्याच बॅटरीवर हजाराच्या वर फोटो मिळतात, आणि कॅमेरा सतत चालू ठेवून पडद्यावर पाहत बसणाऱ्याला चारशेही मिळत नाहीत. आकडा खोटा नाही. दोन कॅमेऱ्यांची आपसात तुलना करायला तो उत्तम आहे. पण सामन्याला जाताना एक बॅटरी पुरेल की दोन, हे त्यावरून कळत नाही.

सेन्सरच्या गुणांचंही तसंच. कॅमेरे तपासून गुण देणाऱ्या 'डीएक्सओमार्क' कंपनीचे गुण अनेक मासिकं उद्धृत करतात. ते गुण फक्त सेन्सरच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलवरून काढतात: रंगांची खोली, डायनॅमिक रेंज (एकाच फोटोत उजळ आणि गडद भाग टिपायची क्षमता) आणि कमी उजेडातला नॉइज, म्हणजे दाणे. ऑटोफोकस, हातात बसणारी पकड, व्ह्यूफाइंडर, मेनू, लेन्स यांतलं काहीही त्यात नाही. ज्याचं पोट कॅमेऱ्यावर चालतं त्याला विचारलंत तर यांतल्या निम्म्या गोष्टी तो सेन्सरच्या आधी सांगेल.

आणि मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. ए-४ आकाराचा उत्तम प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात, आणि फोरके टीव्हीचा पडदा ८.३ मेगापिक्सेलचा असतो. तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यात गरजेच्या जवळपास तिप्पट पिक्सेल आहेत. त्यामुळे रिव्ह्यूमधलं हे प्रकरण तुम्ही न वाचताच उलटलंत तरी चालेल.

सगळ्यात अवघड भाग ऑटोफोकसचा, आणि नेमका तोच तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. लेन्सची तीक्ष्णता मोजायला तक्ते आहेत, सॉफ्टवेअर आहे, जगभर तीच पद्धत वापरता येते. पळत्या माणसावर फोकस किती वेळा बसतो हे मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली पद्धत नाही. कुणी समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे फोटो काढतो, कुणी सहकाऱ्याला मैदानात धावायला लावतो, कुणी घरच्या कुत्र्याला. सगळं बहुधा भर उजेडात. मग 'ट्रॅकिंग (हलत्या माणसावर फोकस धरून ठेवणं) विश्वासार्ह आहे' असं छापून येतं. जाळीच्या मागे असलेला खेळाडू, मध्येच आडवी येणारी रॅकेट, एफ/५.६ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड लेन्स आत घेते) आणि अर्धवट उजेड यांत तेच ट्रॅकिंग काय करेल, हे त्या वाक्यावरून कळत नाही. तुम्हाला तीन रिव्ह्यूंमध्ये शोधायचंच असेल तर हे शोधा: कुणी बंद हॉलमध्ये खेळाचे फोटो काढले आहेत का, कुठल्या लेन्सने, आणि सलग फोटोंपैकी किती तीक्ष्ण आले हे सांगितलं आहे का. तिघांपैकी एकाने जरी ते केलं असेल तरी तो रिव्ह्यू बाकीच्या दोघांपेक्षा तुमच्या कामाचा.

'सेकंदाला ३० फोटो' ही ओळ मोठ्या अक्षरात असते. हा वेग बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळतो. साध्या सेन्सरचा कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि अख्खं चित्र वाचायला ढोबळमानाने सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग घेतो. स्मॅशच्या वेळी रॅकेट तेवढ्यात कुठल्या कुठे जाते, त्यामुळे फोटोत तिचा दांडा वाकलेला दिसतो. त्यातच हॉलमध्ये लुकलुकणारे एलईडी दिवे असले तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. महागड्या, फार वेगाने वाचणाऱ्या स्टॅक्ड सेन्सरच्या कॅमेऱ्यांत हे फार कमी होतं, अख्खं चित्र एकदम टिपणाऱ्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात वाकणं राहतच नाही. तुमच्या आवाक्यातल्या कॅमेऱ्यात मात्र मेकॅनिकल शटर वापरावं लागेल आणि त्याचा वेग बराच कमी असेल. हे रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं असतं, पण कुठेतरी कोष्टकाखाली बारीक अक्षरात. ती बारीक अक्षरं वाचा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. थोडं गणित करतो, कारण मासिकाने हेच करायला हवं होतं.

साधारण प्रकाशाच्या हॉलमध्ये तुमच्या किट लेन्सला पूर्ण झूमवर एफ/५.६ मिळतं. खेळ गोठवायला शटर १/१००० सेकंद हवं. एवढ्यावर आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १२,८०० च्या आसपास जातो, आणि सात-आठ वर्षांपूर्वीच्या क्रॉप सेन्सरवर त्या आयएसओला दाणे दिसणारच. बहुतेकजण मग दाणे टाळायला शटर कमी करतात आणि फोटो हलतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: सेन्सरवर उजेड पोहोचत नाही.

मासिकाने सुचवलेला फुल फ्रेम कॅमेरा यात किती मदत करेल? ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन-अडीच पट असतं. म्हणजे फायदा सुमारे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण स्वस्त फुल फ्रेम बॉडीबरोबर (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) हल्ली ज्या किट लेन्स येतात त्यांतल्या काही पूर्ण झूमवर एफ/७.१ इतक्या मंद असतात. एफ/५.६ वरून एफ/७.१ वर गेलात की दोन तृतीयांश स्टॉप तिथेच गेला. हातात उरतो जेमतेम अर्धा स्टॉप, नव्या सेन्सरच्या थोड्या सुधारणेसकट कदाचित जरा जास्त. एवढा खर्च करून हॉलमधल्या फोटोत डोळ्यांत भरेल असा फरक पडणार नाही.

त्याऐवजी सध्याच्याच कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावली तर? एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ जवळपास साडेनऊ पट उजेड आत घेतं. तोच हॉल, तेच १/१००० सेकंद, पण आयएसओ १२,८०० वरून सुमारे १,३०० वर येतो. सव्वातीन स्टॉपचा हा फायदा आहे आणि कुठलीही बॉडी बदलून तो मिळत नाही. किंमत बॉडीच्या मानाने बरीच कमी. कोर्टाच्या अगदी कडेला बसायला मिळत असेल तर ८५ ऐवजी ५० मिलिमीटर घ्या, ती आणखी स्वस्त असते.

कॅमेऱ्याच्या परीक्षणात हे का नसतं? कारण बॉडीची चाचणी घेताना मासिक तिच्यावर उपलब्ध असलेली सर्वोत्तम लेन्स लावतं. ते बरोबरच आहे, नाहीतर बॉडीतला फरक दिसणार नाही. पण त्यामुळे छापलेले नमुना फोटो तुमच्या हातात येणाऱ्या जोडणीचे नसतात. फोटोखालची ओळ वाचा; तिथे लेन्सचं नाव असतं आणि तिची किंमत अनेकदा बॉडीच्याही वर असते.

परीक्षकाच्या हाती कॅमेरा दोन-तीन आठवडे असतो आणि तुम्ही तो सात-आठ वर्षं वापरणार. या दोन मुदतींमधल्या अंतरात जे घडतं ते मासिकाला छापताच येत नाही. निकॉन डी६०० याचं ठळक उदाहरण. सप्टेंबर २०१२ मध्ये तो आला तेव्हा परीक्षणं उत्तम होती आणि ती मोजमापं आजही खरी आहेत. पण वापर वाढू लागल्यावर अनेक मालकांना सेन्सरवर तेलाचे-धुळीचे ठिपके दिसू लागले. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवं शटर घातलेला डी६१० आला, आणि २०१४ मध्ये निकॉनने डी६०० ची दुरुस्ती, वॉरंटी संपली असली तरी, मोफत करून द्यायचं जाहीर केलं. पहिल्या पंधरवड्यात परीक्षण लिहिणाऱ्याला यातलं काय कळणार होतं? सॅमसंगचा एनएक्स१ असाच. २०१४ मध्ये परीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं, आणि कॅमेरा होताही तसाच. दोन-तीन वर्षांत सॅमसंगने कॅमेऱ्यांच्या व्यवसायातूनच अंग काढून घेतलं आणि ज्यांनी त्याच्या लेन्स जमवल्या होत्या ते अडकले.

उलटंही होतं. फुजीफिल्मचा एक्स१०० २०११ मध्ये आला तेव्हा त्याच्या फोकसबद्दल परीक्षणांत तक्रारी होत्या. नंतरच्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने, तो बराच सुधारला. छापलेलं परीक्षण मात्र जुन्या फर्मवेअरचंच राहिलं. म्हणून लेखाची तारीख आणि फर्मवेअरची आवृत्ती आधी पाहावी. कॅमेरा बाजारात येऊन वर्ष उलटल्यावर लिहिलेलं परीक्षण मिळालं तर ते पहिल्या दिवसाच्या तिघांपेक्षा मोलाचं मानावं.

लेन्सच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मासिक एकच नग तपासतं, फार तर दोन. भाड्याने लेन्स देणाऱ्या 'लेन्सरेंटल्स' कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग यंत्रावर तपासून दाखवून दिलं की नगा-नगात फरक असतोच, आणि झूम लेन्समध्ये तो जास्त असतो. दोन मासिकांचे निकाल जुळले नाहीत तर दोघांपैकी एकजण विकला गेला आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका.

मग कुठल्या मासिकावर किती विसंबायचं, हे ठरवायचं कसं? मी जी पद्धत सगळ्यांना सांगतो ती सोपी आहे. तुमच्याकडे आज जो कॅमेरा आहे, त्याचं त्याच मासिकातलं जुनं परीक्षण शोधून काढा. इतकी वर्षं वापरून त्याचे सगळे गुण-अवगुण तुम्हाला हातासरशी माहीत आहेत: कुठलं बटण चुकून दाबलं जातं, कुठल्या उजेडात फोकस भरकटतो, त्वचेचा रंग कधी पिवळट येतो. आता पाहा, त्या परीक्षकाला यांतलं किती दिसलं होतं. ज्याने तुमच्या रोजच्या दोन-तीन कटकटी तेव्हाच टिपल्या होत्या, त्याच्या नव्या परीक्षणाला वजन द्या. ज्याच्या लेखात फक्त कंपनीच्या पत्रकातली वैशिष्ट्यं उतरवलेली सापडतील, तो बाजूला ठेवा, मग त्यात जाहिरात असो वा नसो. तिन्ही मासिकांना ही परीक्षा लावायला एक संध्याकाळ पुरते, आणि ताऱ्यांची संख्या पाहून जे कळत नाही ते यातून कळतं.

आणखी एक खूण म्हणजे मूळ रॉ फाइल उतरवून घ्यायची सोय. जो परीक्षक आपल्या फाइल वाचकांच्या हाती देतो तो आपलं मत तपासून घ्यायला तयार असतो. अशा फाइल दोन्ही कॅमेऱ्यांच्या मिळाल्या तर एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि दोन्ही एकाच आकाराला आणून पाहा. १०० टक्के मोठं करून पाहिलंत तर जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा उगाच जास्त दाणेदार वाटतो. मासिकांतल्या कित्येक तुलना याच कारणाने फसतात.

तुम्ही काय करावं, तर खरेदी एवढ्यात करू नका. ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स एका सामन्यापुरती भाड्याने किंवा उसनी मिळवा. कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकीचं कॅमेरा पाहतो) ठेवून १/१०००, आयएसओ ऑटो, रॉ, मेकॅनिकल शटर, आणि फोकस सलग ट्रॅकिंगवर. घरी येऊन फोटो दोन ढिगांत लावा. पहिल्या ढिगात असे फोटो ज्यांत फोकस मुलीवर बसला आहे, दुसऱ्यात असे ज्यांत तो मागच्या भिंतीवर किंवा जाळीवर गेला आहे. पहिला ढीग मोठा असेल तर लेन्स विकत घ्या आणि बॉडीचा विषय दोन-तीन वर्षं काढू नका. दुसरा ढीग मोठा असेल तर तुमच्या बॉडीचा ऑटोफोकस खरोखर कमी पडतो आहे, आणि माणूस ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांनी या बाबतीत मोठी मजल मारली आहे. तेव्हा मासिकाने सुचवलेली बॉडी विचारात घ्या, पण किट लेन्सशिवाय. तुमच्या माउंटच्या (तुमच्याच लेन्स बसतील अशा जोडणीच्या) नव्या क्रॉप सेन्सर बॉडीचीही त्याच ८५ लेन्सवर चाचणी घ्या. ऑटोफोकसची तीच प्रणाली अनेकदा तिथेही मिळते आणि लेन्स बदलावी लागत नाही.